पहिलंच पुल्ड पोर्क सँडविच

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहरात असतो. मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. घराजवळच्या बार्बेक्यू हॉटेलातलं पुल्ड पोर्क सँडविच मी खावंच, असा त्याचा हट्ट आहे. नाताळात शेजाऱ्यांकडून येणारं सोरपोतेल, म्हणजे विनेगर घातलेलं डुकराच्या मांसाचं गोव्याकडचं कालवण, मी आवडीनं खातो. पण पावात भरलेलं, मसाल्याशिवायचं सुकं मांस कसं लागेल कोण जाणे. त्यानं पाठवलेल्या फोटोत ते गुलाबी दिसतं. कच्चं तर नसेल? शिवाय माझी पत्नी चिकन-मासे खाते, पोर्क आणि बीफ नाही. ती तिथे काय खाईल?
— एक निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर : सर, मुलाचं ऐका. आणि पहिल्या वेळी मांसाचं ताट न मागवता सँडविचच मागवा. मी रॅलेला लागूनच, कॅरीत राहते आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

हे मांस डुकराच्या खांद्याचं. खांदा सतत हलणारा, म्हणून चिवट. चरबी आणि कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट करणारं प्रथिन, त्यात भरपूर. तासाभरात शिजवायला गेलात तर चावता चावणार नाही. म्हणून हिकरी किंवा ओकच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर, ११०-१२० अंश सेल्सिअसच्या मंद आचेत, दहा-बारा तास ते ठेवतात. मांस आतून ७० अंशांच्या आसपास आलं की पारा तासन्‌तास अडून बसतो, कारण वरचं पाणी वाफ होऊन उडत असतं आणि मिळेल ती उष्णता त्यातच खर्ची पडते. घाई करून जाळ वाढवला की मांस बाहेरून करपतं. थांबलं तर ते पुढे ९०-९५ अंशांवर पोचतं, तोवर कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं आणि हाड नुसतं ओढलं तरी सुटून येतं. मग हातांनी किंवा काट्यांनी ओढून मांसाचे धागे सुटे करायचे, म्हणून ‘पुल्ड’. रस्सा नसतो हे खरं, पण सुकं अजिबात नसतं. बोटांना चिकटतं इतकं ओलसर असतं.

गुलाबी रंगाची काळजी सोडा. लाकडाच्या धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी, म्हणजे त्याला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाशी, जुळतात आणि कडेला तो रंग पक्का बसतो. डुकराच्या अखंड तुकड्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यानं सांगितलेलं किमान सुरक्षित तापमान ६३ अंश आहे. हे मांस त्याच्या खूप पुढे गेलेलं असतं.

आता मसाला. राज्याच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजतात आणि त्यावर विनेगर, मीठ, लाल मिरची एवढंच. टोमॅटोचं नाव नाही. पश्चिमेकडे लेक्झिंग्टनच्या बाजूला फक्त खांदा भाजतात, विनेगरमध्ये थोडं केचप घालतात आणि सोबतची स्लॉ, म्हणजे कच्च्या कोबीची कोशिंबीर, तीसुद्धा लाल असते. रॅले या दोन्हींच्या मधे, त्यामुळे तुम्हाला दोन्ही चवी मिळतील. तुम्ही सोरपोतेल खाणारे, तेव्हा पहिल्याच घासाला ओळख पटेल: माडाचं विनेगर तिथे चरबीचा जडपणा जसा कापतं, तसंच इथेही.

सँडविचचा आग्रह याचसाठी. मऊ पांढरा बन, त्यात मांस आणि मांसावरच गार, कुरकुरीत स्लॉ. स्लॉ वेगळी काढून ठेवू नका. तुपकट, आंबट, तिखट, गार हे सगळं एकाच घासात यायला हवं; ताटात ते वेगवेगळं राहतं. टेबलावर गोड, तपकिरी सॉसची बाटली असेल. ती कॅन्सस सिटीकडची पद्धत. आवडली तर नंतर घ्या, आधी नको. तिच्याखाली धुराची चव बुडून जाते आणि एवढ्या तासांच्या राखणीचं चीज होत नाही. मागवताना ‘आउटसाइड ब्राउन’ थोडं जास्त घाला म्हणून सांगा. तो बाहेरचा काळपट, खमंग थर. मला विचाराल तर खरी चव तिथेच.

हॉटेलच्या मागे लाकडाची चळत दिसते का, तेही बघा. बरीच हॉटेलं आता गॅसवर किंवा विजेवर शिजवतात. वाईट लागतं असं नाही, पण धूर नसला की बरंच काही हरवतं. मुलाला एखादा शनिवार मोकळा ठेवायला सांगा आणि पूर्वेकडे एडन नावाच्या गावी जा. तिथलं ‘स्कायलाइट इन’ पीट जोन्स यांनी १९४७ साली सुरू केलं. छतावर वॉशिंग्टनच्या कॅपिटलसारखा घुमट आहे, आत अख्खं डुक्कर लाकडावर भाजून दोन सुऱ्यांनी कुरकुरीत कातडीसकट बारीक करतात. पश्चिमेचं खायचं तर १९६२ पासून चालणारं ‘लेक्झिंग्टन बार्बेक्यू’. रविवारी दोन्ही बंद असतात. या भट्ट्यांमागे गुलामगिरीच्या काळापासून रात्र रात्र जागलेल्या कृष्णवर्णीय माणसांचं कसब आहे आणि पाट्यांवर त्यांची नावं फार थोडी दिसतात, हेही मुलाशी बोला.

काकूंसाठी मात्र नीट विचारून घ्या, कारण इथे भाजीतही पोर्क असतं. कोलार्डची पालेभाजी, फरसबी, बीन्स बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाबरोबरच शिजवतात. ‘ब्रन्सविक स्टू’ टाळा, त्यात मांसं मिसळलेली असतात. ‘ब्रिस्केट’ म्हणजे बीफ. हश पपी ही मक्याच्या पिठाची भजी काकूंना नक्की आवडतील, पण तळायला तेल आहे की डुकराची चरबी, ते आधी विचारा. बार्बेक्यू चिकन बहुतेक ठिकाणी मिळतं. ते वेगळ्या फळीवर कापून द्या म्हटलं तर सहसा देतात. बरोबर मॅकरोनी-चीज आणि शेवटी केळ्याचं पुडिंग.

जेवणाच्या गर्दीआधी, साडेअकराच्या सुमारास पोचा. बाहेरचा तो खमंग थर आधी संपतो. आणि सँडविच घरी बांधून नेऊ नका, विनेगरनं पाव दहा मिनिटांत भिजून जातो.