स्वीडिश माणसं मोकळेपणी बोलत नाहीत म्हणतात. मग तिथला समाज समजून कसा घ्यायचा?

ऑगस्टअखेर तुम्ही मास्टर्ससाठी उप्सालाला जाताय, स्वीडिश लोक स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाहीत असं जिथे तिथे वाचलंय, आणि पर्यटनाच्या व्हिडिओंपलीकडचा रोजचा समाज कळण्यासाठी काय वाचू-ऐकू-बघू असं विचारताय. इतरांनी सिनेमे आणि पुस्तकं सुचवली आहेतच. मी बरीच वर्षं वेस्टेरॉसला राहतेय, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही. माझं उत्तर रेडिओ हे आहे, आणि त्यातला एकच कार्यक्रम: 'सोमार इ पे-एत्त'. सोमार म्हणजे उन्हाळा, आणि पे-एत्त हे स्वेरिजेस रेडिओ या सार्वजनिक संस्थेचं बोलकं केंद्र, पी-१.

जूनच्या उत्तरार्धातल्या मिडसमरच्या सणापासून साधारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोज दुपारी एक वाजता एक माणूस येतो आणि दीड तास बोलतो. रोज नवा माणूस. समोर मुलाखत घेणारा कोणी नसतो, जाहिराती नसतात, श्रोत्यांचे फोन नसतात. काय बोलायचं ते त्याने स्वतः लिहायचं, मधली गाणीही त्यानेच निवडायची. नट, मंत्री, खेळाडू असतात तसे शास्त्रज्ञ, डॉक्टर, पाद्री, विनोदवीरही असतात. एक पाहुणा तर श्रोत्यांनी सुचवलेल्या नावांतून निवडला जातो. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या वर्षीची यादी जाहीर झाली की आपल्याकडे दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिकेवर होते तशीच चर्चा सुरू होते: याला का घेतलं, तिला अजून कसं नाही, हा तर मागेच येऊन गेला की.

पहिला भाग २९ जून १९५९ चा. त्या दिवशी यॉर्गन सेडरबर्ग बोलले. कल्पना तागे दानिएल्सन यांची. ते तेव्हा रेडिओच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख होते आणि पुढे देशातले मोठे विनोदी लेखक म्हणून गाजले. तेव्हा जीवनदर्शन वगैरे काही डोक्यात नव्हतं. सुट्टीवरच्या लोकांसाठी हलक्याफुलक्या गप्पा आणि आवडीच्या तबकड्या, एवढंच. सुट्टीचा हा संदर्भ समजून घ्या, कारण कार्यक्रमाचा सगळा जीव त्यात आहे. इथे १९३८ पासून सगळ्यांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळू लागली, ती वाढत वाढत पाच आठवड्यांवर आली, आणि जून ते ऑगस्टमध्ये सलग चार आठवडे मागण्याचा हक्क आजही आहे. त्यामुळे जुलैत ऑफिसला मेल पाठवलीत तर उत्तर ऑगस्टमध्ये येईल, राग मानू नका. अख्खा देश रानातल्या लाकडी घरात, होडीत नाहीतर गाडीत असतो. १९५९ मध्ये तिथे सहज पोचणारी गोष्ट म्हणजे रेडिओ. टीव्ही नुकता आला होता, आणि तो काही कोणी तळ्याकाठी घेऊन जात नसे.

पुढे हळूहळू गप्पांची आत्मकथनं झाली. १९९३ मध्ये कार्यक्रम पी-३ वरून पी-१ वर आला. पी-१ वर मुळात गाणी कमी आणि बोलणं जास्त, तेव्हा शब्दांचं वजन वाढलं हे ओघानेच आलं. 'सोमार, सोमार, सोमार' हे स्टेन कार्लबर्ग यांचं शीर्षकसंगीत मात्र तेच आहे. ते वाजलं की माझ्या शेजारची आजी खुरपं खाली ठेवते. इथे शहरातल्या लोकांना नगरपालिकेच्या जमिनीवर भाजीपाल्यासाठी छोटे तुकडे भाड्याने मिळतात. तसा एक माझ्याकडेही आहे. जुलैत दुपारी एक वाजता तिथे गेलात तर चार-पाच वाफ्यांवरून एकच आवाज ऐकू येतो.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. हा तर एकट्याचा दीड तास, यात समाज कुठे आला? तर तो ऐकल्यानंतरच्या बोलण्यात येतो. 'मी कोणी विशेष' असं वागायचं नाही, हा इथला फार खोल संस्कार आहे. ऑफिसात बढती मिळाली तरी माणूस पुटपुटत सांगतो. वर्षभर बंद असलेलं हे दार उन्हाळ्यात एका माणसासाठी रोज दीड तास उघडतं, आणि त्याच्या आडून बाकीचेही बोलून घेतात. माझ्या विभागात एक गृहस्थ आहेत. हवामान आणि हॉकी सोडून तिसरा विषय त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. कोणीतरी सोमारमध्ये वडिलांच्या दारूबद्दल बोललं, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्याच फीकाला (म्हणजे कॉफी-बनच्या सुट्टीला, ही चुकवायची नसते) हे गृहस्थ आपल्या वडिलांबद्दल बोलायला लागले. थेट 'माझे वडील' म्हणून सुरुवात त्यांनी केली नसती. 'तो परवाचा भाग ऐकलास का' म्हणून केली.

या भागांमधून जो स्वीडन कळतो तो माहितीपत्रकातला नाही. एका कारखान्याच्या जिवावर उभं राहिलेलं गाव, आणि कारखाना बंद झाल्यावर तिथे मागे राहिलेली माणसं. वडिलांनी घेतलेली बाळंतरजा, आणि त्यावर सासऱ्यांनी मारलेला टोमणा. इराण, बोस्निया, सोमालियातून आलेल्यांची मुलं, जी घरी एका भाषेत भांडतात आणि शाळेत दुसऱ्या भाषेत गप्प राहतात. कोरियातून, कोलंबियातून, भारतातूनही दत्तक आलेली आणि आता चाळिशी-पन्नाशीला पोचलेली माणसं, जी आपल्या फायलीतल्या रिकाम्या रकान्यांबद्दल बोलतात. हे शेवटचे भाग मला ऐकवत नाहीत, पण आपण ऐकायला हवेत. त्या फायलींचं पहिलं पान आपल्याच देशात लिहिलं गेलंय.

मोठ्या नावांपैकी दोन-तीन सांगते. २००४ मध्ये इंगमार बर्गमन बोलले. एवढा मोठा दिग्दर्शक, पण सिनेमापेक्षा संगीतावरच जास्त रमले, आणि संगीत येतं तरी कुठून, असं त्यांनी श्रोत्यांनाच विचारलं. २०२० चा हंगाम ग्रेटा थुनबर्गने सुरू केला. पण मला विचाराल तर २०१३ चा क्रिस्तियान गिडलुंडचा भाग. हा एका रॉक बँडचा ड्रमर, वय २९, पोटाचा कर्करोग, बरा होणार नाही हे ठाऊक असलेला. आपल्याला कधीच होणार नाही अशा मुलाशी तो त्यात बोलतो. त्याच सप्टेंबरमध्ये तो गेला. मरणाबद्दल एरवी दबक्या आवाजात बोलणारा हा देश त्या उन्हाळ्यात त्याबद्दल उघड बोलत होता, हे मला इथल्या बऱ्याच जणांनी सांगितलंय.

सगळंच सोनं नाही, हेही सांगायला हवं. कार्यक्रमाचा एक साचा झालाय: शाळेत झालेला छळ, मग यश, मग कामाने पिचून घेतलेली लांब आजारपणाची रजा, मग समुद्रकिनारी सापडलेला अर्थ, आणि वर पियानो. राजकारणी तर बहुधा प्रचाराचं भाषण आजीच्या गोष्टीत गुंडाळून आणतात. वर्तमानपत्रं प्रत्येक भागाचं परीक्षण छापून गुणही देतात, तेव्हा लोक आता परीक्षेला बसल्यासारखे लिहितात. माझा अनुभव असा, की जितकं नाव मोठं तितका भाग बेताचा. ज्याचं नाव तुम्ही कधीच ऐकलेलं नाही तो भाग आधी लावा.

आपल्याकडे असं काही होतं का, हा प्रश्न ओघाने येतोच. विविध भारतीच्या 'विशेष जयमाला'त सिनेमातली मंडळी फौजी भाईंसाठी गाणी निवडत आणि मधे मधे स्वतःचं काही सांगत. घाट जवळपास हाच. पण तिथे गाणं मुख्य आणि बोलणं तोंडी लावायला. शिवाय बोलणारे सगळे एकाच दुनियेतले. मुंबई आकाशवाणीवर एखादी परिचारिका, एखादा एसटीचा वाहक, एखादी द्राक्षबागाईतदार मे महिन्यात रोज दीड तास बोलतेय, मधे कोणी टोकत नाहीये, असं झालं तर मी सुट्टी टाकून ऐकेन. आपल्याला बोलायला लावावं लागत नाही, हे खरं. पण मधे न बोलता ऐकायला लावणं जड जाईल!

आता व्यवहाराचं. स्वेरिजेस रेडिओचं ॲप फुकट आहे, भारतातूनही चालतं. पॉडकास्टमध्ये हक्कांच्या भानगडीमुळे पूर्ण गाणी नसतात, म्हणून भाग तासाभराचाच उरतो. भाषा शिकणाऱ्याला ते उलट बरंच. स्वीडिश अजून येत नसेल तर थेट यात उडी घेऊ नका. त्याच रेडिओवर सोप्या स्वीडिशमधल्या बातम्या असतात, तिथे दोन-तीन महिने कान तयार करा. मग सोमारमधला असा माणूस शोधा, ज्याचा विषय तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तुम्ही जीवशास्त्राच्या असाल तर जीवशास्त्रज्ञ, क्रिकेट सोडून कुठला खेळ बघत असाल तर तो खेळाडू. अर्धे शब्द विषयच पुरवतो. अभिनेते आणि पाद्री स्पष्ट बोलतात, त्यांचा फायदा घ्या. दक्षिणेकडच्या स्कोनच्या बोलीतले भाग पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. स्टॉकहोमची माणसंसुद्धा त्या बोलीला नाकं मुरडतात.

तुम्ही पोचाल तेव्हा हंगाम नुकताच संपलेला असेल. काळजी करू नका, नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत याचीच हिवाळी आवृत्ती असते, 'विंटर' नावाची. आणि विभागातल्या पहिल्या फीकाला 'तुम्ही कुठले, काय करता' यात वेळ घालवण्यापेक्षा, या वर्षी कोणाचा सोमार आवडला, एवढं विचारा. दोन-तीन जणांची मतं पटणार नाहीत, वाद होईल. तो होऊ द्या, आणि त्यात जी नावं येतील ती लिहून घ्या. ऐकायची यादी तिथेच तयार होईल.