दुसऱ्या अल्बमवर एवढा राग का?

प्रश्न : 'द क्लॅश' या ब्रिटिश पंक रॉक बँडचा पहिला अल्बम ऐकून अक्षरशः वेडा झालो. मग मोठ्या उत्साहानं दुसरा, 'गिव्ह एम इनफ रोप', लावला तर सगळं घासूनपुसून गुळगुळीत केलेलं. अमेरिकेतल्या कंपनीपुढे यांनी मान तुकवली का? – एक वाचक

उत्तर : १९७८ साली हा अल्बम आला तेव्हापासून ही तक्रार होत आली आहे. मला ती अर्धीच पटते. कंपनीनं पहिला अल्बम रेडिओवर चालणार नाही म्हणून अमेरिकेत काढलाच नव्हता; तो तिथं १९७९ मध्ये, गाणी बदलून आला. दुसऱ्यासाठी निर्माता म्हणून आला सँडी पर्लमन, 'ब्लू ऑयस्टर कल्ट'सारख्या हार्ड रॉक बँडबरोबर काम केलेला. त्यानं गिटारचे थरावर थर चढवले. गायक जो स्ट्रमरचा आवाज त्या गर्दीत दबतो, ते मलाही खुपतं.

पण एकदा फक्त ड्रम ऐका. पहिल्या अल्बमवर टेरी चाइम्स होता, इथे टॉपर हेडन आहे. 'टॉमी गन'मध्ये त्याचा स्नेअर (कडक, तडतडणारा ड्रम) मशीनगनच्या फैरींसारखा सुटतो, आणि गाणं आहेच बंदूकधाऱ्यांभोवतीच्या वलयावर. काय ताकद आहे त्या हातांत! आवाज गुळगुळीत असेल, वाजवणं मुळीच नाही.

आणि 'सेफ युरोपियन होम'चे शब्द नीट वाचा. स्ट्रमर आणि गिटारवादक मिक जोन्स गाणी लिहायला जमैकाला गेले. (रेगेवर, म्हणजे जमैकाच्या संगीतावर, ज्याचा सगळ्यात जास्त जीव, त्या बेसवादक पॉल सिमनॉनला मात्र नेलं नाही. ते मला आजही लागतं.) पहिल्या अल्बमवर 'पोलिस अँड थीव्ज' हे रेगे गाणं घेणारे हे दोघं जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, अक्षरशः घाबरले. ज्या संगीतावर जीव टाकला, त्याच्याच गावात आपण परके, गोरे पाहुणे आहोत हे त्यांना दिसलं. हे झाकून ठेवणं सोपं होतं. त्यांनी त्याचं गाणं केलं आणि अल्बमच्या तोंडावर ठेवलं. मान तुकवणारा बँड हे कशाला करेल?

'स्टे फ्री'ही सोडू नका. तुरुंगात गेलेल्या शाळेतल्या मित्रासाठी जोन्स ते गातो, आवाज न चढवता, अगदी जवळ बसून बोलल्यासारखं. पहिल्या अल्बमच्या धुमश्चक्रीत इतक्या मायेला जागा नव्हती.

शेवटची काही गाणी मलाही सामान्य वाटतात. ती वगळलीत तरी चालेल. पण नंतर लगेच त्यांचा पुढचा अल्बम 'लंडन कॉलिंग' (१९७९) लावा. त्यात रेगे, जॅझ, रॉकबिली सगळं येतं, आणि ते पेलणारा ड्रमर याच दुसऱ्या अल्बममध्ये बँडला मिळालेला आहे.