ऑपरेशन जवळ की लांब?

अरे हर्नियासारखं ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आधी जवळच्या हॉस्पिटलात चौकशी कर, मोठ्या हॉस्पिटलचं नाव ऐकून लगेच लांबच्या शहरात पळू नको. लोक नुसतं ऑपरेशनचं बिल बघतात पण सोबतच्या माणसाचं राहणं-खाणं, त्याच्या बुडालेल्या सुट्ट्या आणि टाके, ड्रेसिंग, फॉलोअपला परत परत हेलपाटे, हे कोणी धरतच नाही. मी गुडघा लांब जाऊन बदलून घेतला, येताना गाडीत पाय सरळ करायला जागा नाही, दर खड्ड्याला जीव वर, आणि फिजिओ शेवटी घराजवळचाच लावला! वर सांधा बदलल्यावर पहिले काही आठवडे पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, तेव्हा तासन्‌तास बसून प्रवास नकोच.

एस्टिमेट लेखी माग, भूलतज्ज्ञाची फी, औषधं, तपासण्या सगळं धरून. हर्नियात बहुतेक वेळा कमकुवत जागेला आधार म्हणून आत जाळी बसवतात, ती कुठली आणि तिचे पैसे वेगळे लागतात का तेही विचार. आणि सर्जनला सरळ विचारायचं, असली ऑपरेशनं वर्षाला किती करता? चिडला तर दुसरा बघ. हार्टबिर्टचा त्रास असेल तर मात्र आयसीयू नसलेल्या ठिकाणी पैसे वाचवायला जाऊ नको.