फिश टँकमधील दिव्याचा रंग बदलल्याने शेवाळ कमी होते का?

दोन फुटी टाकीच्या काचांवर आणि पानांवर हिरवे शेवाळ धरते आहे, आणि दुकानदाराने पांढरा एलईडी काढून लाल-निळा दिवा लावण्यास सुचवले आहे. तो घ्यावा का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते घेऊ नये.

हिरवे शेवाळ आणि आपण हौसेने लावलेल्या पाणवनस्पती यांच्यात क्लोरोफिल-ए आणि क्लोरोफिल-बी ही एकच हरितद्रव्ये असतात, आणि ती मुख्यतः ४३० ते ४६० नॅनोमीटरचा निळा व ६४० ते ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतात. त्यामुळे वनस्पतीला पोसेल आणि हिरव्या शेवाळाला उपाशी ठेवेल असा रंग सापडणे कठीण आहे. उलट लाल-निळा दिवा म्हणजे दोघांनाही आवडते तेच ताट वाढणे होय. हिरव्या प्रकाशाचाही भरवसा नाही, कारण लाकडावर काळे केसाळ झुपके धरणारे शेवाळ मुळात लाल शेवाळांच्या कुळातले आहे आणि त्यातील फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य नेमका हिरवा प्रकाश टिपते.

हा दिवा मीही एकदा मार्च महिन्यात घेतला होता. महिनाभरात शेवाळ कमी झाल्यासारखे वाटले आणि मी ते चार जणांना सांगतही सुटलो. मात्र त्याच सुमारास, नागपुरात घरोघरी होते त्याप्रमाणे, हॉलच्या पश्चिमेकडील खिडकीत कूलर बसवला गेला होता आणि त्याने टाकीवर येणारे दुपारचे ऊन पूर्ण अडवले होते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. ऑक्टोबरमध्ये कूलर निघाला, तिरपे ऊन पुन्हा टाकीपर्यंत पोहोचले आणि तोच दिवा, तेच मासे असताना पंधरा-वीस दिवसांत काच हिरवी झाली. शिवाय लाल-निळ्या उजेडात परावर्तित होण्यासाठी हिरवा प्रकाशच नसल्याने शेवाळ काळपट दिसते व डोळ्यांत भरत नाही. कमी झाल्याच्या माझ्या समजुतीत त्याचाही वाटा होता.

म्हणून प्रथम टाकीवर थेट ऊन येते का, ते पाहावे. भर उन्हाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते, आणि त्यापुढे टाकीवरचा छोटा एलईडी फिका पडतो. ऊन येत असल्यास जाड पडदा लावावा किंवा टाकीची ती बाजू काळ्या कागदाने झाकावी. दिवा टायमरवर टाकून रोज सहा तासच चालू ठेवावा. रात्रभर शोभेसाठी ठेवलेला निळा दिवाही प्रकाशाच्या तासांतच धरावा लागतो. खोक्यावरील ६५०० किंवा १०,००० केल्विन हा आकडा उजेड डोळ्याला कसा दिसतो एवढेच सांगतो, तेव्हा आपला पांढरा दिवा ठेवण्यास हरकत नाही.

प्रकाशाइतकाच प्रश्न खताचा आहे. उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा यांतून नायट्रेट व फॉस्फेट साठते, म्हणून दोन मिनिटांत संपेल तेवढेच खाद्य द्यावे, आठवड्याला चौथा हिस्सा पाणी क्लोरीन घालवून बदलावे आणि व्हॅलिसनेरिया किंवा हॉर्नवर्टसारखी झपाट्याने वाढणारी वनस्पती भरपूर लावावी, कारण तीच शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेते.

शेवाळनाशक औषध मात्र मे महिन्यात टाळावे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, त्यात मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खर्च होतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागतात. काचेवरचा थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून काढावा आणि त्याच दिवशी पाणी बदलावे, म्हणजे सुटलेला गाळ टाकीत कुजत राहत नाही.