गूढ-अन्वेषक नायक असलेल्या कादंबरीसाठी युरोपातील प्राचीन मूर्तिपूजक विधींचा खरा तपशील कोठून घ्यावा?

माझ्या मते सर्वांत समृद्ध सामग्री डेन्मार्कच्या दलदलींत आहे. १९५० साली तेथे इंधनासाठी पीट (दलदलीत साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) कापणाऱ्या कुटुंबाला एक मृतदेह सापडला आणि तो इतका ताजा वाटला की त्यांनी थेट पोलिसांना कळवले. प्रत्यक्षात तो माणूस दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा होता. 'टोलुंड मानव' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या देहाचे डोळे शांत मिटलेले आहेत, हनुवटीवर दाढीचे खुंट दिसतात, डोक्यावर कातड्याची टोपी आणि गळ्याभोवती चामड्याचा वळलेला फास आहे. पोटात जव, जवस आणि रानटी बियांची पेज आढळली. अनेक अभ्यासक याला नरबळी मानतात. अन्वेषकाच्या कथेला याहून चांगला आरंभ मला सुचत नाही.

ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक लोकांच्या पुरोहितांविषयी मात्र सावध राहावे, कारण त्यांनी स्वतःचे लेखन मागे ठेवलेले नाही आणि आपल्याला दिसतात ते मुख्यतः ग्रीक-रोमन लेखकांच्या नजरेतून. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने वर्णिलेला विधी तरीही अवश्य वाचावा: चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी शुभ्रवस्त्रधारी पुरोहित ओक वृक्षावर चढतो, सोन्याच्या कोयत्याने बांडगूळ कापतो, खाली ते पांढऱ्या वस्त्रात झेलले जाते आणि मग दोन पांढऱ्या बैलांचा बळी दिला जातो.

१९५० च्या दशकात जेराल्ड गार्डनर यांनी प्रसिद्धीस आणलेला 'विक्का' हा जादूविद्या मानणारा मूर्तिपूजक पंथ आधुनिक आहे. त्याचे विधी लोहयुगातील पात्रांच्या माथी मारू नयेत.