स्वयंचलित यंत्रांवर विसंबून आपली निर्णयक्षमता कमी होते का?

होते, पण त्याआधी नजर बिघडते. यंत्र सांगतंय तेच डोळ्यांना दिसायला लागतं. व्यापारी जहाजावर थर्ड ऑफिसर असताना मी हे जवळून पाहिलंय.

रात्रीचा वॉच, म्हणजे जहाज सांभाळायची पाळी, माझा होता. स्क्रीनवरच्या चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, जहाज आखलेल्या रेषेवर चाललेलं, पण रडारवर मोजलेलं दीपगृहाचं अंतर त्याच्याशी जुळेना. पुन्हा मोजलं, तेच. पाण्याची खोली मोजणारा इको साउंडर पाहिला, तर पाणी चार्टपेक्षा कमी. कॅप्टनना उठवलं. ते आले, स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "रेषेवर तर आहोत. रडार नीट लाव." मी हटलो नाही. खोली आणखी उतरत होती, ती दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी जहाज खोल पाण्याकडे वळवलं. नंतर कळलं, जीपीएसचा सिग्नल आधीच्या वॉचमध्येच गेला होता आणि अलार्म कोणीतरी बंद करून टाकला होता. रिसीव्हर नुसत्या दिशा-वेगावरून पोझिशन काढत होता. प्रवाहाने जहाज किती ढकललं हे त्या हिशोबात येतच नाही, म्हणून स्क्रीनवर सगळं आलबेल.

जून 1995 मध्ये रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला जाताना अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ वाळूत रुतलं, तेही असंच. जीपीएसच्या अँटेनाची केबल निघालेली, सुमारे 34 तास कोणाच्या लक्षात नाही, जहाज मार्गापासून 17 मैल दूर. रडारवर भलताच बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) दिसला, तो 'आपल्या मार्गावरचाच' म्हणून धरला गेला. पुढचा बोया तर दिसलाच नव्हता, तरी दिसला असं कॅप्टनना सांगितलं गेलं. मी म्हणतो ती बिघडलेली नजर हीच.

आमचे कॅप्टन दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "इतका संशय घेणाऱ्याला निर्णय घेता येत नाहीत." मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. संशय आला म्हणूनच त्या रात्री निर्णय झाला.

ऑटोपायलट बंद करा असं मी म्हणत नाही. तासन्‌तास एक कोर्स धरणं त्याला माणसापेक्षा चांगलं जमतं. फक्त यंत्राचं उत्तर तपासायला पुन्हा त्याच यंत्राकडे पाहू नका, वेगळ्या मार्गाने मोजा. आणि तुम्ही वरच्या पदावर असाल, तर हाताखालचा माणूस "जुळत नाहीये" म्हणाला की त्याने काय मोजलं ते आधी विचारा. आमच्या कॅप्टननी तेवढंच विचारायला हवं होतं.