समुद्राच्या तळाशी अंधारात ऑक्सिजन तयार होतो हे खरं, की त्या शास्त्रज्ञांचं मीटरच बिघडलं होतं?

मीटर बिघडलं नव्हतं. तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य मी एकदा तोंडावर ऐकलंय, म्हणून लिहितोय.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला तलावाचं पाणी भरून लाइट-डार्क बाटल्या लावल्या होत्या. डार्क म्हणजे उजेड न जाणाऱ्या बाटलीत पाण्यातले जीव ऑक्सिजन वापरतात, बनवत नाहीत, म्हणून तो घटायला हवा. माझ्या एका बाटलीत तो लिटरला ४.२ मिलिग्रॅमचा ४.६ झाला. गाईड म्हणाले, "अंधारात ऑक्सिजन वाढत नसतो. मीटर गेलंय, खोड ते." मी म्हटलं, सर, विंकलर करून बघू, म्हणजे मीटरऐवजी रसायनं घालून टायट्रेशननं ऑक्सिजन मोजू. "वेळ घालवू नकोस." मी खोडलं. पण सगळे गेल्यावर त्याच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं. तपकिरी साका सावकाश खाली बसला. आम्ल घातल्यावर पाणी पिवळं झालं. थायो (सोडियम थायोसल्फेट) थेंबाथेंबानं सोडत गेलो आणि स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला गेला तिथे हिशेब केला : ४.६. दुसऱ्या दिवशी सरांनी वही उघडलीसुद्धा नाही.

तुम्ही विचारलेल्या शोधामागचे समुद्रशास्त्रज्ञ अँड्र्यू स्वीटमन यांना २०१३ साली असंच रीडिंग आलं. हवाई आणि मेक्सिकोच्या मधला क्लॅरियन-क्लिपरटन पट्टा, सुमारे ४००० मीटर खोली, तळावर बसवलेली बंद पेटी आणि आत चढणारा ऑक्सिजन. त्यांनीही कित्येक वर्षं सेन्सरलाच दोष दिला. शेवटी विंकलरनं ताडून पाहिलं, तरी वाढ दिसलीच. २०२४ मध्ये ते छापून आलं.

कारण मात्र वादात आहे. तिथे बटाट्याएवढे मँगनीज-निकेल-कोबाल्टचे गोळे पडलेले असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ०.९५ व्होल्टपर्यंत मोजले गेले, त्यातून पाण्याचं विघटन होत असावं असं स्वीटमन म्हणतात. मला हे पटत नाही. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. टीकाकार म्हणतात, पेटीत हवेचा बुडबुडा अडकला असेल. खरं सांगायचं तर माझ्याही बाटलीत बूच लावताना तेच झालं असेल. पण मग तो बुडबुडा शोधायचा. ऑक्सिजन होता आणि मीटरनं तो बरोबर मोजला होता.

आणि "अंधारात ऑक्सिजन वाढत नसतो" हा नियम म्हणून सांगणं तर चूकच. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा समुद्रातला सूक्ष्मजीव अंधारात थोडा ऑक्सिजन स्वतः बनवतो, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालंय.

तुम्ही प्रोजेक्ट करत असाल तर विचित्र रीडिंग खोडू नका. शेजारी वेळ लिहा, जास्तीची एक बाटली विंकलरसाठी राखून ठेवा आणि गाईड नको म्हणाले तरी टायट्रेशन करा.